मागच्या अंगणात पत्र्याची शेड घालायचीये, परवानगी लागते का?

चाफा_ऐरोली · शनिवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. आमचं ऐरोलीला सिडकोच्या प्लॉटवरचं छोटं रो हाऊस आहे, बाबांनी नव्वदच्या दशकात घेतलेलं. बाबा रबाळ्याला एका कारखान्यात पॅटर्न मेकर (ओतकामाचे लाकडी साचे करणारे) होते, आता वय ७१, आणि रिटायर झाल्यापासून दिवसभर सुतारकाम. पाट, चौरंग, देव्हारे, नातेवाइकांकडचं काही मोडलं की ते पण आमच्याकडेच येतं. हे सगळं वरच्या छोट्या खोलीत चालायचं. आता बायकोला सातवा महिना लागलाय त्यामुळे ती खोली रिकामी करायचीये, शिवाय लाकडाचा भुसा बाळाच्या खोलीशेजारी नकोच. बाबाच म्हणाले मला मागच्या अंगणात पत्रा घालून द्या, मी तिथे बसेन.

तर घराच्या मागच्या भिंतीपासून कंपाउंडपर्यंत १० बाय १२ फुटांची शेड, तीन बाजूंनी पत्रा, खाली कोबा, एक लाइटचा पॉइंट, एवढंच. फॅब्रिकेटर माप घेऊन गेला, ५८ हजार म्हणाला. परवानगीचं विचारलं तर म्हणे नटबोल्टवर आहे, टेम्पररी आहे, काही लागत नाही. मेव्हणा म्हणतो सरळसरळ बेकायदेशीर आहे. आमच्या लाइनीत सहापैकी चार घरांनी मागे काही ना काही झाकलंय. आता खरं कोणाचं मानायचं? आणि परवानगी लागत असेल तर ती मिळते तरी का?

खाडीकाठ · शनिवार, रात्री १०.२०

घालून टाका हो. अख्ख्या लाइनीत पत्रे आहेत तिथे तुमचाच एकट्याचा बघायला कोण येतंय.

मधुमालती · शनिवार, रात्री ११.०५

@खाडीकाठ, बघायला कोणी येत नाही हे अगदी खरंय. आमच्याकडे पण १४ वर्षं कोणी आलं नव्हतं. पण मग घर विकायला काढलं.

नेरूळला आमचंही रो हाऊस होतं. सासूबाईंना स्वयंपाकघर लहान पडायचं म्हणून मागच्या मोकळ्या जागेत पत्रा टाकून ओटा पुढे वाढवला, नंतर विटांची भिंत आली, मग खिडकी, मग सिंक. एकेक करत होत गेलं ना, त्यामुळे आपण काही बांधतोय असं कधी वाटलंच नाही. घर घेणाऱ्याने लोन काढलं आणि बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा हातात घेऊन आला. नकाशात ती जागा मोकळी, प्रत्यक्षात तिथे माझी कुकरची शिटी चाललीये. बँकेने सांगितलं आधी नकाशाप्रमाणे करा मग पुढचं बोलू. दोन महिने गेले. ओटा तोडला, भिंत पाडली, मागची मूळ भिंत परत बांधली, आणि एवढं होईपर्यंत तो माणूस थांबला म्हणून त्याला भावातही सोडावं लागलं. ज्या दिवशी ओटा फोडला त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत.

चाफा, तुमच्या बाबांची हौस ऐकून छान वाटलं. पण नकाशा काढून बघा आधी, एवढंच सांगते.

खाडीकाठ · शनिवार, रात्री ११.१४

ताई तुमची भिंत होती, पक्कं बांधकाम होतं. यांचा नुसता पत्रा आहे, विकायच्या वेळी दोन तासात खोलता येतो. फरक आहे की नाही?

नकाशेवाला · रविवार, सकाळी ८.३०

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात गेली १९ वर्षं काम करतो, ठाणे नि नवी मुंबई दोन्हीकडच्या फायली हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नटबोल्टचा गैरसमज. एमआरटीपी म्हणजे १९६६ चा नगररचना कायदा, त्यात 'विकास' या शब्दाची व्याख्या खूप रुंद आहे. जमिनीत, जमिनीवर किंवा जमिनीखाली केलेलं कुठलंही बांधकाम त्यात येतं. वीट, पत्रा, बोल्ट की वेल्डिंग असा भेद नाही. पत्रा सहज निघतो ही तोडणाऱ्याची सोय झाली, त्यावरून ते कायदेशीर ठरत नाही. शिक्षेचं कलम ५२, १ महिना ते ३ वर्षं कैद आणि २,००० ते ५,००० रुपये दंड. घरगुती शेडसाठी कोणी तुरुंगात गेलेलं मी पाहिलेलं नाही, पण नोटीस आलेली आणि शेड निघालेली भरपूर पाहिलीये.

दुसरं, कुठला नियम लागतो. पूर्वी ठाण्याची नियमावली वेगळी, नवी मुंबईची वेगळी अशी भानगड होती. डिसेंबर २०२० पासून बहुतेक राज्याला एकच एकत्रिकृत नियमावली आहे, यूडीसीपीआर म्हणतात ती. बृहन्मुंबई त्यातून बाहेर, एमआयडीसी बाहेर. म्हणजे रबाळ्याच्या कारखान्याला एमआयडीसीचे नियम आणि पलीकडे ऐरोलीतल्या घराला महापालिका, अशी आपल्याकडे गंमत आहे. त्या नियमावलीत ॲक्सेसरी बिल्डिंगची व्याख्याच दिलीये: मुख्य इमारतीपासून सुटी असलेली, नोकराची खोली, गॅरेज, सामानाची खोली अशा पूरक वापराची इमारत. चाफांच्या बाबांची सुतारशाळा पूरक वापरातच मोडेल, बाबा धंदा करत नाहीत ना. म्हणजे वापराला अडचण नाही. अडचण जागेची आहे.

घराभोवती जी मोकळी जागा सोडायला लावतात ती मार्जिन. त्यात काय चालतं याची ठरलेली यादी आहे. पाण्याची जमिनीखालची टाकी, शोषखड्डा, वॉचमनची छोटी केबिन, कचऱ्याचे डबे, काही अटींवर बाजूला किंवा मागे बंद गॅरेज. छज्जा ठरावीक मापापर्यंत बाहेर आलेला चालतो. तीन बाजू बंद केलेली १२० चौरस फुटांची शेड त्या यादीत बसत नाही, ती एफएसआयमध्ये (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं त्या हिशोबात) धरली जाणार आणि शिवाय मार्जिन खाणार. एफएसआय शिल्लक असला तरी मार्जिनचा प्रश्न उरतोच, बरेच जण इथेच फसतात.

आता चांगली बातमी. प्लॉट १५० चौरस मीटरपर्यंतचा असेल तर याच नियमावलीत सोपी पद्धत आहे. आर्किटेक्टने नियमात बसणारा नकाशा आणि दाखला द्यायचा, फी भरायची, ती पावतीच परवानगी. १५० ते ३०० ला दहा दिवसांची मुदत. पण नियमात बसणारा हे शब्द विसरू नका, पावती मिळाली म्हणून मार्जिन आपली होत नाही. आणि नवी मुंबईत जमीन सिडकोची, आपण ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, त्यामुळे करारनाम्याच्या अटी पण बघायच्या. परवानगी महापालिकेची, जमीन सिडकोची, दोन्ही दारं.

चाफा, तुमच्याकडे मंजूर नकाशाची प्रत आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे का? त्यावर मागचं माप किती लिहिलंय ते इथे टाका.

चाफा_ऐरोली · रविवार, सकाळी ९.१०

बापरे, एवढं कोणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. फाईल बाबांच्या कपाटात आहे, काढतो. आईचा प्रश्न आहे, मागे तुळशीवृंदावन आहे आणि एक लोखंडी झोपाळा आहे, ते पण काढावं लागेल का?

नकाशेवाला · रविवार, सकाळी ९.१६

आईंना सांगा तुळस जागेवरच राहील. झोपाळा, झाडाभोवतीचा पार, बाक, विहीर, उघडा हौद असल्या गोष्टी मोकळ्या जागेत चालतात. डोक्यावर छप्पर आलं की प्रश्न सुरू होतो.

नौपाडेकर · रविवार, सकाळी ११.४०

आमचा अनुभव गच्चीच्या पत्र्याचा आहे, थोडा विषयाला सोडून पण उपयोगी पडेल. ठाण्यात नौपाड्यात आमची ८७ सालची चार मजली सोसायटी. वरच्या मजल्याला गळती. तीनदा वॉटरप्रूफिंग झालं, दर वेळी जुन्या ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्यावर नवा कोबा, म्हणजे गळती तशीच आणि स्लॅबवर ओझं वाढत चाललेलं. शेवटी जनरल बॉडीत ठराव झाला, पूर्ण गच्चीवर पत्रा.

मी तेव्हा सेक्रेटरी होतो आणि मी अडून बसलो की लेखी परवानगीशिवाय काम सुरू नाही. खूप शिव्या खाल्ल्या. पण चौकशीत कळलं की पावसापासून संरक्षणासाठी गच्ची झाकायला तात्पुरत्या बांधकामाची परवानगी नियमातच आहे, फक्त पावसाळ्यापुरती. एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने आणि सगळं मिळून तीन वर्षांच्या वर नाही. म्हणजे घालायचं, काढायचं, परत घालायचं. चारही बाजू उघड्या, आणि खाली कोणी राहायचं नाही.

पत्रा कायमचा उपाय नाही हे त्या तीन वर्षांत पटलं. तेवढ्यात पैसे जमवले, तिन्ही कोबे उचलले, स्लॅब उघडा केला, सळ्या गंजल्या होत्या त्या साफ करून दुरुस्त केल्या आणि नव्याने एकच थर नीट घातला. आज पाचवा पावसाळा, वर पत्रा नाही आणि खाली ओल नाही. इमारत ३० वर्षांची झाली की स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने करावंच लागतं, आमच्या ऑडिटमध्ये त्या कोब्यांचं वजन बघून इंजिनियर गप्पच झाला होता.

सेक्टर_नऊ · रविवार, दुपारी १.०२

हे सगळे नियम आपल्याच माथी. बाहेर पडून बघा, दुकानांपुढची आणि हॉटेलांपुढची मार्जिन पूर्ण झाकलेली असते, ओटे वाढवलेले, वर ताडपत्री, खाली टेबलं. फुटपाथवरून माणूस रस्त्यावर उतरतो. कारवाई होते, दोन दिवसांनी परत तेच. एका म्हाताऱ्या माणसाच्या रंध्या-पटाशीला मात्र नियम. मला याचा खरंच संताप येतो.

मधुमालती · रविवार, दुपारी १.२५

संताप बरोबर आहे हो. पण ते झाकतात म्हणून आपणही झाकलं तर मग त्यांना बोलायला तोंड कोणाला राहणार? आमच्या जुन्या गल्लीत कोणाचीच तक्रार करायची सोय नव्हती, कारण प्रत्येकाच्या मागे काहीतरी होतंच.

गावठाणातला · रविवार, दुपारी ३.५०

मी घणसोली गावातला. तुम्ही लोक मंजूर नकाशा काढा म्हणता, आमच्या आजोबाच्या घराला कुठला आला नकाशा? शहर आलं नंतर, घर आधीपासून. ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, आमची भातशेती गेली, मिठागरं गेली. पोरं वाढली, घराला खोली जोडली, पडवी झाकली, वर माळा चढवला. ते गरजेपोटीचं बांधकाम. तेवढ्यासाठी आम्ही किती वर्षं मोर्चे काढले, आमचे नेते दि. बा. पाटीलसाहेब यांच्यापासून लढा चालू आहे.

आमच्यातल्याच काहींनी गरजेच्या नावाखाली बिल्डरला जागा देऊन सहा-सहा माळ्यांचे टॉवर उभे केले, ते चूकच. दिघ्यात पुढे काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, कोर्टाने पाडायचे आदेश दिले आणि ज्यांनी भोळेपणी फ्लॅट घेतले ते उघड्यावर आले. पण गावठाणातली पडवी आणि सेक्टरमधली शेड एका मापाने मोजू नका एवढंच म्हणणं.

नकाशेवाला · रविवार, सायं. ४.१५

@गावठाणातला दादा, पूर्ण मान्य. गावठाणाच्या मार्जिन नियमावलीतही वेगळ्या आहेत, दाट जुनी वस्ती धरूनच लिहिल्यात. मी वर जे लिहिलं ते आखलेल्या प्लॉटबद्दल.

पारसिक_टेकडी · रविवार, रात्री ९.००

सिव्हिल इंजिनियर आहे, कळव्याला राहतो. परवानगीचं बोलणं झालं, आता पत्र्याचं बोलतो, कारण त्यावर कोणीच काही म्हटलं नाही आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

१७ मे २०२१, तौक्ते वादळ. त्या दुपारी मी खिडकीतून समोरच्या गच्चीवरचा पत्रा उचलला जाताना पाहिला. एक शीट सुटली, मग वारा आत शिरला आणि पाठोपाठ अख्खं छप्पर अँगलसकट वाकून उलटलं. एक शीट खाली रस्त्यावर उभ्या रिक्षेच्या टपात रुतली. रिक्षेत कोणी नव्हतं.

फॅब्रिकेटर शेडचं वजन बघतो. पत्रा खाली पडणार नाही ना एवढं बघतो. पण पत्र्याला खरा धोका वर उचललं जाण्याचा असतो. आपल्या भागासाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे ताशी साधारण १५८ किलोमीटर. तेवढ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ११८ किलोच्या आसपास. चाफांची शेड १० बाय १२ म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर, त्यावर सव्वा टनाहून जास्त जोर, आणि तो वरच्या दिशेने. पत्रा, अँगल सगळं धरून शेडचं वजन दोनशे-अडीचशे किलो. मग तिला जमिनीला धरून कोण ठेवणार? कोब्यात ठोकलेले चार इंची बोल्ट? कोबा म्हणजे पाया नव्हे. आणि तीन बाजू बंद, एक उघडी, ही तर सगळ्यात वाईट रचना, वारा आत शिरतो आणि बाहेर पडायला वाटच नाही, छत्री उलटते ना तसं.

म्हणून कुठेही, परवानगी असलेल्या जागेतसुद्धा, शेड घालताना फॅब्रिकेटरला विचारा की पाया काय आणि बेस प्लेट कशी. उत्तर आलं नाही तर दुसरा बघा.

खाडीकाठ · रविवार, रात्री ९.३३

साहेब तुम्ही घाबरवता. वादळ काय रोज येतं का.

पारसिक_टेकडी · रविवार, रात्री ९.५१

रोज येत नाही. २०२० ला निसर्ग, २०२१ ला तौक्ते, लागोपाठ दोन वर्षं आलं. आणि मी मुद्दाम घाबरवत नाहीये. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याला ती इमारत पडली, ७४ माणसं गेली. आमच्या इथून फार लांब नाही ते. तेव्हापासून कोणी 'काय होतंय' म्हणालं की मला ऐकवत नाही.

खाडीकाठ · रविवार, रात्री ९.५८

ती अख्खी बिनपरवाना इमारत होती, महिन्या-दोन महिन्यात मजले चढवले होते. त्याची आणि घरातल्या पत्र्याची तुलना नको. पण वाऱ्याचं जे लिहिलंत ते मला माहीत नव्हतं, आमचा पण पत्रा नुसत्या कोब्यावरच आहे. उद्या बघतो.

रजनीगंधा_कोपरी · सोमवार, दुपारी १२.१०

आमच्याकडे वारा नाही, पाणी आडवं आलं.

कोपरीला आमचं बैठं घर, शेजारी मालुसरेकाकूंचं म्हणू (नाव बदललंय). आम्ही गाडी ठेवायला बाजूला पत्रा घातला, उतार दिला त्यांच्या बाजूला, कारण आमच्या बाजूला दिला असता तर पागोळ्या आमच्याच दारात पडल्या असत्या. तेव्हा काही वाटलं नाही. पहिल्याच जुलैत त्यांच्या बेडरूमच्या भिंतीला ओल, मग बुरशी, मग काकूंचा दमा. दोन वर्षं आमच्या दोन घरांत एकमेकांशी बोलणं नव्हतं. त्यांची नात आणि माझी मुलगी एकाच वर्गात, त्या पण बोलायच्या नाहीत.

मग एका रविवारी माझ्या भावाने हिशोब करून दाखवला. पत्रा ११ चौरस मीटरचा असेल आणि रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस पडला तर एकाच रात्रीत अकराशे लिटर पाणी. आपल्याकडे १०० मिलिमीटर म्हणजे काही विशेष नाही. मी सुन्न झाले. आम्ही दर रात्री एक टाकी त्यांच्या भिंतीवर ओतत होतो.

पत्रा काढला. गाडी आता कव्हर घालून उभी असते. त्यांच्या भिंतीचं प्लास्टर आम्ही करून दिलं. काकूंनी दिवाळीला फराळाचं ताट पाठवलं तेव्हा मी रडले.

चाफा_ऐरोली · सोमवार, दुपारी १२.४०

रजनीगंधाताई, हे वाचून मी मागे जाऊन उभा राहिलो. आमचा उतारही फॅब्रिकेटरने शेजाऱ्यांकडेच आखलाय.

लाल_बंब · सोमवार, रात्री ८.२२

निवृत्त अग्निशमन कर्मचारी. मोकळ्या जागेचा आणखी एक उपयोग सांगतो, तो आम्हालाच माहीत असतो.

आग लागली की आम्ही पहिलं बघतो शिरायचं कुठून. उंच इमारतींभोवती बंब फिरायला किमान सहा मीटर मोकळं ठेवायला लावतात ते उगाच नाही. रो हाऊसच्या लाइनीत बंब मागे जात नाही, पण माणूस पाइप घेऊन मागच्या मार्जिनमधून पळत जाऊ शकतो. एका ओळीत चार घरांनी मागे शेडी घातल्या आणि मध्ये पत्रे लावले की ती वाट संपली. मग पुढच्या दारानेच आत जायचं, जिथून धूर बाहेर येतोय.

आणि सुतारकामाची शेड. भुसा, पॉलिश, थिनर, वरून लाइटचा पॉइंट, आणि पलीकडे शेजाऱ्याचा गॅस सिलिंडर. बाबांचं वय बघून आणि हौसेचा मान ठेवून सांगतो, बंद शेडीपेक्षा उघड्यावर बसलेले बरे. थिनरचा डबा घरात एकाच जागी, झाकण घट्ट, आणि भुसा रोजच्या रोज उचलायचा.

वडाचापार · सोमवार, रात्री ९.१५

मध्येच एक शंका. गच्चीवर सोलर लावलं तर ते पण शेडच धरतात का? पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार सबसिडी आहे म्हणून विचार चाललाय. विक्रेता म्हणतो स्ट्रक्चर आठ फूट उंच करून देतो, खाली बसायला पण होईल.

नकाशेवाला · सोमवार, रात्री ९.४०

सोलरला ठरावीक उंचीपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, लायसन्सवाल्या स्ट्रक्चरल इंजिनियरचा दाखला मात्र हवा. आठ फूट उंच करून खाली बैठक म्हणजे उद्या कोणी बाजूने पत्रा लावला की खोलीच झाली. पॅनेल बुटकेच ठेवा, वारा पण कमी घेतात, @पारसिक_टेकडी सांगतीलच.

पारसिक_टेकडी · सोमवार, रात्री ९.४४

हो. बुटकेच. आणि सोसायटी असेल तर गच्ची सगळ्यांची आहे हे लक्षात ठेवा, ठराव आधी.

सेक्टर_नऊ · मंगळवार, सकाळी १०.०५

टॅक्सचं कोणी सांगेल का? आमच्या नातेवाइकांना कोणी सांगितलं की वाढीव बांधकामाला टॅक्स लावून घ्या, मग ते आपोआप लीगल होतं.

नकाशेवाला · मंगळवार, सकाळी १०.३०

नाही होत. महापालिका अधिनियमात कलम २६७अ आहे, अनधिकृत बांधकामाला करावर शास्ती लावायचं. शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजू नये हे त्या कलमातच लिहिलंय. टॅक्सची पावती दाखवून लोक वर्षानुवर्षं निर्धास्त राहतात, आणि घर विकताना किंवा रीडेव्हलपमेंटला एरिया मोजताना कळतं की हिशोब मंजूर नकाशाप्रमाणेच होतो.

चाफा_ऐरोली · पुढचा रविवार, सायं. ६.२०

मंडळी, आठवडाभर गायब होतो, आता काय काय झालं ते लिहितो.

फाईल सापडली. मंजूर नकाशा इतका विरलाय की घड्यांवर फाटला, लॅमिनेट न करता प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलाय आणि स्कॅन करून घेतला. त्यावर मागची जागा मोकळी दाखवलीये, अगदी कंपाउंडपर्यंत. ओळखीच्या आर्किटेक्टताईंना घरी बोलावलं, त्यांनी टेपने सगळं मोजलं. दोन गोष्टी निघाल्या. एक, वरची बाल्कनी आधीच्या मालकाने बंद करून घेतलेली, ती नकाशात नाही. म्हणजे आम्हाला वाटत होतं आपण स्वच्छ आहोत, तसं नव्हतं. दुसरं, एफएसआय काहीच शिल्लक नाही. ताई म्हणाल्या मागची शेड कुठल्याच मार्गाने बसत नाही, फॉर्म भरून फी वाया घालवू नका. बाल्कनीचं काय करायचं ते डिलिव्हरी झाल्यावर बघू, पण ते आता डोक्यात आहे.

फॅब्रिकेटरला पाच हजार ॲडव्हान्स दिला होता, तो माणूस चांगला निघाला, अँगल कापले नव्हते म्हणून पूर्ण परत दिले. त्याला मी वाऱ्याचं गणित दाखवलं. तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला आम्हाला हे कोणी शिकवलं नाही, लिहून द्या. लिहून दिलं.

बाबांना सांगायचं मला जिवावर आलं होतं. तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. मधुमालतीताईंच्या सासूबाईंचं आलं तेव्हा आईने पदर डोळ्याला लावला. बाबा ऐकत होते, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर पुढच्या पोर्चमध्ये खडूने रेघा मारलेल्या. पोर्च नकाशात आहे, वर स्लॅब आहे, मंजूर आहे, फक्त आम्ही तिथे दोन गाड्या आणि नको ते सगळं भरून ठेवलं होतं. बाबांनी भिंतीला बिजागऱ्यांवर लावायचं घडीचं टेबल आखलं होतं, काम झालं की भिंतीला चिकटून उभं. हत्यारं जिन्याखालच्या कपाटात. वाइस लावायला टेबलाच्या एका टोकाला जाड फळी. एक गाडी आता गेटबाहेर पार्किंगच्या पट्ट्यात जाते, दुसरी आम्ही विकणारच होतो.

परवापासून काम सुरू झालंय. रस्त्याने जाणारे थांबतात, शेजारची पोरं स्टूल घेऊन येऊन बसतात. मागे अंगणात बसले असते तर हे काहीच झालं नसतं, असं आई म्हणते.

खाडीकाठ · रविवार, सायं. ६.४१

वा! मला घडीच्या टेबलाचा फोटो पाहिजे. आणि कळवतो, आमचा पत्रा मी खोलायला लावलाय. बोल्ट हाताने फिरत होते.

मधुमालती · रविवार, सायं. ७.०२

बाबांना माझा नमस्कार सांगा. पहिलं काय बनवतायत?

चाफा_ऐरोली · रविवार, सायं. ७.१०

पाळणा. जुन्या सागवानी पलंगाचे खूर आणि पट्ट्या जपून ठेवल्या होत्या त्यातून. बाबांचा एक प्रश्न आहे तुम्हा सगळ्यांना, बाजूच्या दांड्यांमध्ये अंतर किती ठेवायचं? त्यांच्या वेळी कोणी मोजायचं नाही म्हणतात.

पारसिक_टेकडी · रविवार, सायं. ७.२५

६ सेंटीमीटरच्या आत. त्याहून रुंद फट असेल तर बाळाचं अंग त्यातून सरकून डोकं अडकू शकतं. आणि कडा गोल करा, पॉलिश महिनाभर आधी उरकून चांगलं वाळू द्या.

चाफा_ऐरोली · रविवार, सायं. ७.३१

सांगितलं. त्यांनी ५ आखलंय.